जर्मन सैनिकी शिरस्त्राणांचा संग्रह

जर्मन सैन्याची जुनी शिरस्त्राणे आणि त्यांच्यासोबत सैनिकांच्या नित्य वापरातल्या वस्तू (पदके, पट्ट्यांची बक्कले, ओळखबिल्ले, पगारपुस्तिका, पत्रे, बिअरचे मग) जमवणे, पारखणे आणि त्यांची देवघेव करणे हा युरोप-अमेरिकेत चांगलाच मुरलेला छंद आहे. साधारण १८४२ ते १९४५ या काळातल्या वस्तू त्यात मुख्य. नाणी किंवा तिकिटे हजारो हातांतून फिरलेली असतात. इथली वस्तू मात्र बहुधा एका माणसाच्या अंगावर वावरलेली असते. तो माणूस कोण होता हे सिद्ध करता आले की वस्तूचे मोल वाढते. या छंदातली विद्वत्ता, लबाडी आणि गुन्हेगारी या तिन्ही गोष्टी त्याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

या वस्तूंचे पहिले संग्राहक जर्मनांचे शत्रूच होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश, फ्रेंच आणि पुढे अमेरिकन शिपायांना अणीदार जर्मन टोप घरी नेण्याची भारी हौस होती. काहींनी तर खोके-पुडके न करता थेट टोपावरच घरचा पत्ता रंगवून तो टपालात टाकला. असे पत्ता असलेले टोप आज मुद्दाम शोधले जातात. १९१९ साली अमेरिकी सरकारने युद्धकर्जासाठी मोहीम काढली, तेव्हा न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळ हजारो जर्मन टोपांचे मनोरे रचले होते.

अणीदार टोप

पिकेलहाउब या नावाने ओळखला जाणारा हा टोप प्रशिया या जर्मन राज्याचा राजा चौथा फ्रेडरिक विल्यम याने १८४२ मध्ये पायदळासाठी लागू केला. उकळून कडक केलेले, काळे लाखी चामडे, माथ्यावर धातूची अणी, पुढे सैन्याचे चिन्ह असलेला पत्रा आणि हनुवटीखाली पट्टा, अशी त्याची घडण. सुरुवातीचे नमुने चांगलेच उंच होते. पुढच्या दशकांत ते ठेंगणे आणि हलके होत गेले. पुढच्या पत्र्यावरून सैनिक कोणत्या जर्मन राज्याचा हे ओळखता येते. प्रशियाच्या गरुडावर ‘ईश्वरासह, राजा आणि पितृभूमीसाठी’ अशा अर्थाची पट्टी असते. बव्हेरियाच्या पत्र्यावर सिंहांनी धरलेले राजचिन्ह असते. बव्हेरियाने मात्र हा टोप १८८६ पर्यंत स्वीकारला नव्हता. तोवर त्यांच्या सैनिकांच्या डोक्यावर लोकरी तुऱ्याचा वेगळाच टोप होता. हानोफरच्या काही पलटणींच्या पत्र्यावर ‘वॉटर्लू’ हे नाव दिसते, कारण त्यांचे पूर्वज नेपोलियनविरुद्धच्या त्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने लढले होते. प्रशियाच्या तोफखान्याच्या टोपावर अणीच्या जागी गोळा बसवलेला असे.

१८९७ पासून कानांजवळ दोन गोल फिती आल्या, उजवीकडे साम्राज्याची काळी-पांढरी-लाल आणि डावीकडे आपापल्या राज्याची. जुन्या टोपावर कुणी नंतर चुकीच्या राज्याची फीत बसवली असेल, तर जाणकार ती लांबूनच हेरतो. खरी तपासणी मात्र आतून होते. मागच्या झापेच्या आत पलटणीचा क्रमांक, कपडेखात्याचा शिक्का आणि वर्ष ठोकलेले असते. टोप दुसऱ्या पलटणीला दिला की जुना शिक्का खोडून नवा मारत, त्यामुळे एकाच झापेवर दोन-तीन पलटणींचा इतिहास वाचायला मिळतो. अधिकारी आपले टोप स्वतःच्या खर्चाने घेत. त्यांच्या टोपांना रेशमी अस्तर आणि सोनेरी मुलामा असे, पण सरकारी शिक्का नसे. दिसायला ते सरस असतात. माहिती मात्र साध्या शिपायाच्या टोपातच जास्त मिळते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि नाकेबंदीमुळे दक्षिण अमेरिकेतून येणारे चामडे आटले. मग नमदा, पत्रा, दाबलेला कागद असे जे मिळेल त्याचे टोप बनू लागले. १९१५ मध्ये अणी काढता येईल अशी केली गेली, कारण खंदकाच्या कडेवर ती आधी दिसे आणि तिच्यामागचे डोके आयतेच नेमबाजाच्या टप्प्यात येई. पितळेच्या जागी करडा मुलामा दिलेले लोखंड आले. संचलनातल्या झगमगीत टोपांपेक्षा टंचाईतले हे कुरूप टोप कमी संख्येने टिकले, म्हणून आता त्यांनाही मान मिळू लागला आहे.

पोलादी टोप

खंदकातल्या युद्धात बहुतेक जखमा गोळीच्या नव्हत्या, तोफगोळ्याच्या बारीक कपच्यांच्या होत्या. डोक्यात शिरलेल्या अशा कपच्या काढणारे शल्यविशारद आउगुस्ट बिअर यांनी हा मुद्दा लावून धरला. हानोफरच्या तंत्र महाविद्यालयातले फ्रीड्रिश श्वेर्ट यांनी १९१५ मध्ये पोलादी टोपाचा आराखडा केला. १९१६ च्या सुरुवातीला हा टोप फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या आघाडीवर पोहोचला. कान आणि मान झाकणारा, पुढे लहान छज्जा असलेला हा आकार पुढे तीस वर्षे जर्मन सैनिकाची ओळख बनून राहिला.

कानशिलांच्या वर दोन पोकळ खुंट्या आहेत. त्यांतून हवा खेळते आणि त्यांच्यावर कपाळापुढची जाड पोलादी ढालही अडकवता येई. ही ढाल काही किलो वजनाची, म्हणून पहारेकरी वगळता कुणी ती फारशी लावली नाही. ढाल एकाच मापाची असल्यामुळे ती सर्व टोपांवर बसावी म्हणून लहान टोपांच्या खुंट्यांना रुंद पायरी दिलेली असे. टोपाच्या आत कडेजवळ कारखान्याचे चिन्ह आणि माप ठोकलेले असते. ‘ईटी ६४’ म्हणजे हार्ट्स डोंगरातल्या टाले गावचा कारखाना आणि ६४ चे माप. खुंट्यांची पायरी या आकड्याशी जुळली नाही, तर तो टोप खाली ठेवून पुढच्या टेबलाकडे जावे.

जुलै १९१८ मध्ये जर्मन सेनापती लुडेनडॉर्फच्या सहीने आदेश निघाला, की टोपांवर हिरवा, पिवळट आणि विटकरी रंग मोठ्या तुकड्यांत लावावा आणि तुकड्यांमध्ये बोटभर काळी रेघ ओढावी. हे रंगीबेरंगी टोप फार देखणे दिसतात आणि महाग जातात. साहजिकच, युद्ध संपल्यावर कितीतरी साध्या टोपांवर हा नमुना चढला.

१९३५ चा टोप याच आकाराचा, पण लहान आणि हलका. हवेसाठी खुंट्यांऐवजी छिद्रात बसवलेली वेगळी कडी आली. १९४० मध्ये ती कडी पत्र्यातच उठवली जाऊ लागली. १९४२ मध्ये कड आत वळवणेही बंद झाले, म्हणून त्या टोपाची कड धारदार आणि किंचित बाहेर फाकलेली दिसते. काम आणि खर्च वाचवण्याची ही वाट हातात तिन्ही टोप घेतले की पुस्तकाशिवाय कळते. अस्तर आठ पाकळ्यांच्या चामड्याचे असते आणि धातूच्या पट्टीवर, तीन दुभंगत्या खिळ्यांनी टोपाला धरलेले असते. ६४ मापाच्या टोपात ५७ मापाचे अस्तर बसते. त्याच्या कपाळाच्या बाजूला घामाने काळपट झालेला पट्टा असतो, आणि मागच्या पाकळीवर किंवा टोपाच्या आत पांढऱ्या रंगात आडनाव असते. ते आडनाव सापडले की संग्राहकाचा श्वास अडतो.

सुटी कागदपत्रे आणि इतर वस्तू

लोखंडी क्रूस हे पदक १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात सुरू झाले. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ साली ते पुन्हा दिले गेले. लोखंडाचा गाभा आणि चांदीची चौकट, असे ते तीन तुकड्यांचे काम असते, म्हणून संग्राहकाच्या खिशात चुंबक असतो. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचे क्रूस लाखोंनी वाटले गेले, त्यामुळे सुट्या क्रूसाला फारशी किंमत नाही. अडचण अशी की त्यावर सहसा नाव नसते. ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असे. साताऱ्या-रत्नागिरीच्या एखाद्या मराठा शिपायाचे पदक भंगारात सापडले, तरी ते कुणाचे हे कडेवर वाचता येते. जर्मन पदकाबाबत ते काम कागदाला करावे लागते.

म्हणून पगारपुस्तिका, म्हणजे झोल्डबूख, फार महत्त्वाची. दुसऱ्या महायुद्धात ती सैनिकाच्या खिशात असे. बढत्या, पदके, इस्पितळातले मुक्काम, दिलेले बूट आणि घोंगडी यांची त्यात नोंद असे. बव्हेरियातले कॅथलिक लोक मृत सैनिकाचा फोटो आणि प्रार्थना छापलेले लहान कार्ड वाटत. तीही आज पेट्या भरभरून विकली जातात. मला स्वतःला सर्वांत बोलके वाटतात ते सक्तीची सेवा संपवून घरी जाताना जवानांनी करून घेतलेले अर्ध्या लिटरचे चिनी मातीचे मग. त्यांवर मालकाचे नाव, पलटण, सेवेची वर्षे आणि खोलीतल्या सोबत्यांची यादी असते, वर कथलाचे झाकण असते. हा मग रिकामा करून उजेडाकडे धरला, तर तळातल्या पातळ मातीतून निरोप देणाऱ्या मुलीचे किंवा तशाच कुठल्या प्रसंगाचे चित्र उमटते. ही प्रथा पहिल्या महायुद्धाबरोबर संपली. नव्या नकला मात्र सर्रास मिळतात.

नकली माल

१९४५ नंतर जर्मनीत टोपांची किंमत शून्य होती. छिद्रे पाडून त्यांच्या चाळण्या झाल्या, दांडा बसवून शेणखताच्या टाकीतले पाणी उपसणारी भांडी झाली. फिनलंड, नॉर्वे अशा देशांनी आपल्याकडचे जर्मन टोप पुन्हा रंगवून वापरले. हेच टोप आज नकली धंद्याचा कच्चा माल आहेत, कारण पोलाद, शिक्का आणि माप सगळे अस्सल असते. खोटे असते ते वरचे काम.

साध्या पायदळाचा टोप आणि एसएसचा (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा) टोप एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून निघत. फरक बाजूला चिकटवलेल्या इवल्या चित्राचा. तेवढ्यासाठी किंमत कितीतरी पट होते, आणि बाजारात सर्वांत जास्त खोटेपणा नेमका तिथेच आहे. जे चिन्ह सर्वांत लाजिरवाणे तेच सर्वांत महाग, ही या बाजाराची गत आहे आणि ‘आम्हाला फक्त इतिहासात रस’ म्हणणाऱ्यांना तिचे धड उत्तर देता आलेले नाही. पारख करताना भिंगाखाली चित्रावरचे तडे पाहतात. अतिनील दिव्याखाली शिवणीचा दोरा निळसर चमकला तर तो युद्धानंतरचा, कारण कापड उजळवणारी रसायने नंतर रूढ झाली. चामडे चहात बुडवणे, टोप आम्लात घालणे, वर्षभर पुरून ठेवणे हे प्रकार जुनेच आहेत. सोबत विक्रेता बहुधा एक गोष्टही देतो: आजोबांनी कसा आणला, माळ्यावर कसा सापडला. जुने संग्राहक नवख्याला पहिला धडा देतात तो हाच, की वस्तू घ्या, गोष्ट विकत घेऊ नका.

कायदा

जर्मनीच्या दंडसंहितेतले कलम ८६अ घटनाविरोधी (उदाहरणार्थ नाझी) संघटनांची चिन्हे जाहीरपणे दाखवण्यास बंदी घालते. शिक्षण, संशोधन, कला यांना सूट आहे. घरात संग्रह ठेवणे गुन्हा नाही. लिलावाच्या सूचीत मात्र स्वस्तिकावर पट्टी लावलेली दिसते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने जुन्या सैनिकांना युद्धकालीन पदके स्वस्तिक काढून वापरण्याची मुभा दिली, म्हणून त्याच पदकांची एक वेगळी मालिका तयार झाली. २००० साली पॅरिसच्या न्यायालयाने नाझी वस्तूंच्या ऑनलाइन लिलावांवरून याहू या इंटरनेट कंपनीविरुद्ध निकाल दिला, आणि पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला याहूने त्या वस्तू हटवल्या. २०१९ मध्ये म्युनिकमधल्या लिलावात लेबनॉनमध्ये जन्मलेले उद्योजक अब्दल्ला शतिला यांनी हिटलरची टोपी आणि इतर वस्तू विकत घेऊन एका ज्यू संस्थेला देऊन टाकल्या.

जमिनीतला माल

सगळ्यांत वाईट भाग उत्खननाचा. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्यानुसार पुराणवस्तूंच्या शोधासाठी धातुशोधक वापरायला परवाना लागतो. व्हर्दूनच्या परिसरात न फुटलेले तोफगोळे आजही निघतात. रशिया आणि बाल्टिक देशांच्या जंगलांत चोरून खणणाऱ्यांच्या टोळ्या आहेत. तिथे टोपाखाली बहुधा माणूस असतो.

जर्मन ओळखबिल्ला लंबगोल आणि मधोमध छिद्रांची ओळ असलेला. सैनिक मेला की खालचा अर्धा मोडून घेत आणि वरचा देहासोबत ठेवत. दुसऱ्या महायुद्धातल्या बिल्ल्यावर नाव नसते, फक्त तुकडी, क्रमांक आणि रक्तगट. तो क्रमांक बर्लिनमधल्या लष्करी नोंदींशी जुळवला की नाव मिळते. १९१९ पासून जर्मन युद्धकबरींची काळजी घेणारी फोल्क्सबुंड ही संस्था अजूनही सांगाडे काढून दफन करते, आणि तिचा मुख्य आधार हाच बिल्ला. चोराने तो उचलून विकला की बिल्ला कुणाच्या तरी चौकटीत जातो आणि हाडे कायमची बेनाव होतात. अखंड बिल्ल्याला मोडलेल्यापेक्षा जास्त भाव असतो. अखंड बिल्ला न वापरलेला किंवा जिवंत परतलेल्याचाही असू शकतो, पण मातीने खाल्लेला असेल तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की त्या सैनिकाची नोंद करायला कुणी पोहोचलेच नव्हते. जबाबदार संग्राहक जमिनीतून निघालेला बिल्ला घेत नाहीत. बाजार त्यामुळे थांबलेला नाही.

भारताशी संबंध

मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत याच टोपांसमोर लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात (मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या बाजूलाही भारतीय होते. सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने युद्धकैद्यांतून उभ्या राहिलेल्या लीजनमधले (भारतीय सैन्यदलातले) सुमारे तीन हजार जवान जर्मन गणवेश घालत. त्यांच्या बाहीवर केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर झेपावणारा वाघ आणि ‘फ्राइस इंडिएन’ (मुक्त भारत) ही अक्षरे असत. लीजन लहान, मागणी मोठी, त्यामुळे हे बाहीचिन्ह सर्वाधिक नकला झालेल्या वस्तूंपैकी आहे. भारतातल्या ग्राहकाला ते विकायला कुणी आले, तर आधी दिवा आणि भिंग काढावे.