कुकुमिस ह्युमिफ्रक्टस

काकडी-भोपळ्याच्या कुकर्बिटेसी कुलातील एक वर्षायू रानवेल. नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया अशा आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांत तो वालुकामय जमिनीवर पसरलेला आढळतो. सिडनी मार्गारेट स्टेंट यांनी १९२७ मध्ये त्याला हे शास्त्रीय नाव दिले. इंग्रजीत त्याला आर्डव्हार्क या आफ्रिकी प्राण्यावरून आर्डव्हार्कची काकडी म्हणतात आणि शास्त्रीय नावापेक्षा हेच नाव त्याच्याबद्दल जास्त सांगते.

काकडी आणि खरबूज याच प्रजातीतले, त्यामुळे पाने, ताणे, पिवळी फुले यांत नवल काही नाही. नर व मादी फुले एकाच वेलावर पण वेगवेगळी येतात. वेगळेपण सुरू होते ते परागणानंतर. मादी फुलाचा देठ लांबत जाऊन खाली वळतो आणि टोकाचे कोवळे फळ मातीत ढकलतो. पुढची वाढ जमिनीखाली साधारण १५ ते ३० सेंमी खोलीवर होते. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरतात तसाच हा प्रकार, फक्त इथे शेंगेऐवजी पाणीदार गराचे गोलसर फळ पोसले जाते. कुकुमिस प्रजातीत ५० हून अधिक जाती आहेत; फळ जमिनीखाली धरणारी ही एकटीच. साल चिवट असल्याने पिकलेले फळ मातीत बरेच दिवस न कुजता टिकते.

फळ पुरून ठेवले तर बी पसरणार कसे? रंग दाखवून पक्ष्यांना बोलावण्याची सोय उरत नाही. हे काम आर्डव्हार्क करतो. मुंग्या आणि वाळवीवर जगणारा हा निशाचर सस्तन प्राणी वासावरून फळ हुडकतो, भक्कम नखांनी उकरून काढतो आणि बियांसकट खातो. एरवी कीटकच खाणारा हा प्राणी फळ म्हणून खातो ते एवढेच. कोरड्या मुलखात त्याला यातून पाणी मिळते, हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते. आर्डव्हार्कला दाढा आहेत, तर दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊंना दातच नाहीत. या दाढा टिकून राहण्यामागे हे फळ असावे, असाही एक तर्क मांडला गेला आहे. तर्क आकर्षक आहे, पण तो तर्क म्हणूनच घ्यावा.

बिया पचत नाहीत. आर्डव्हार्क उथळ खड्डा करून त्यात विष्ठा टाकतो आणि वर माती लोटतो. म्हणजे बीला उकरलेली भुसभुशीत जमीन, खत आणि योग्य खोली एकाच वेळी मिळते. साहजिकच हे वेल त्याच्या बिळांच्या आसपास जास्त दिसतात. आर्डव्हार्कखेरीज या बियांचा दुसरा खात्रीचा वाहक माहीत नाही, त्यामुळे तो जिथून नाहीसा होईल तिथे नव्या जागी वेल रुजणे अवघड होते.