विश्रामबागवाडा
विश्रामबागवाडा हा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यात बांधलेला तीनचौकी, म्हणजे आत तीन चौक (मोकळी अंगणे) असलेला वाडा. बांधकाम सुमारे सहा वर्षे चालले आणि त्यावर दोन लाख रुपये खर्च झाला. बाजीरावांना शनिवारवाड्यापेक्षा येथे राहणे पसंत होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा वाडा जेमतेम दहा वर्षांचा होता.

शनिवारवाड्यातले महाल १८२८ च्या आगीत गेले. तिथे तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. त्यामुळे पेशवाईतले सुतारकाम किती उंचीला पोहोचले होते, हे समजून घ्यायला विश्रामबागवाड्याइतकी चांगली जागा पुण्यात क्वचितच सापडेल. रस्त्यावरून पाहणाऱ्याची नजर आधी दर्शनी मेघडंबरीवर जाते. प्रवेशद्वारावर पुढे आलेला हा लाकडी सज्जा नक्षीने भरलेला आहे. आतले सागवानी खांब सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे मध्ये किंचित फुगून वर निमुळते होत गेलेले. दोन खांबांमध्ये लाकडी महिरपी, त्यांना लोंबती केळफुले आणि माथ्यावर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचे छत. ही सगळी केवळ सजावट नव्हे. अशा वाड्यांत मजल्यांचा बराचसा भार खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर असतो, म्हणूनच चौकाकडची बाजू भिंतीने न कोंडता मोकळी ठेवता येते आणि खोल्यांना उजेड-वारा मिळतो.

इंग्रजी अमलात, १८२१ साली, येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्यातून १८५१ मध्ये पूना कॉलेज आणि पुढे डेक्कन कॉलेज घडले. मे १८७९ मध्ये पेशव्यांचाच बुधवारवाडा आगीत खाक झाला, त्याच वेळी विश्रामबागवाड्याची पूर्वेकडची बाजूही जळाली. पुणेकरांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने हातभार लावला आणि तो भाग पुन्हा उभा राहिला. मला या वास्तूच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना वाटते, कारण राजवाडा म्हणून बांधलेली इमारत येथून शहराची झाली. पुढे नगरपालिकेची कचेरीही अनेक वर्षे येथेच होती.

वाडा आता पुणे महानगरपालिकेकडे आहे. अशा वास्तूची डागडुजी चुन्यातच व्हायला हवी. सिमेंटचा गिलावा विटांमधला ओलावा अडवून ठेवतो आणि भिंतीत रुतलेले लाकूड आतून कुजू लागते.