अवघड गणित वेगळं, फसवं गणित वेगळं

√(क्ष + २) = क्ष − ४ या समीकरणाला किती उकली आहेत? दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ९क्ष + १४ = ० येतं. अवयव झकास पडतात, क्ष = ७ आणि क्ष = २. प्रवेश परीक्षेच्या पर्यायांमध्ये ‘दोन’ हजर असतंच, त्यावर क्लिक करून पोरगं पुढे जातं. आता २ ठेवून बघा. डावीकडे √४ म्हणजे २, उजवीकडे वजा २. ही उकल वर्ग करताना आत शिरलेली. खरं उत्तर एकच, ७.

दुसरा नमुना. ० ते पाय/२ या मर्यादांत √साइन क्ष ÷ (√साइन क्ष + √कॉस क्ष) याचं इंटिग्रेशन करा. बघूनच घाम फुटतो. पण क्षच्या जागी (पाय/२ − क्ष) ठेवलं की साइन-कॉसची अदलाबदल होते. जुनं आणि नवं रूप मिळवलं की अंश-छेद सारखेच, आत उरतो फक्त १. म्हणजे उत्तराची दुप्पट पाय/२, उत्तर पाय/४. युक्ती माहीत असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम, नसेल तर तासभर डोकं आपटूनही सुटायचं नाही.

पहिलं गणित फसवं, दुसरं अवघड. परीक्षेतून बाहेर आल्यावर दोन्हींना सारख्याच शिव्या बसतात, पण पेपरात त्यांच्याशी वागायची रीत अगदी उलटी आहे. अवघड गणितात अडकलो हे आपल्याला कळतं. फसव्यात कळतच नाही, उलट पटकन सुटलं म्हणून हुरूप येतो.

याचा गुणांवर परिणाम कसा होतो ते पाहू. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे झाकून ठोकले तर सरासरी एक बरोबर येईल: ४ मिळाले, ३ गेले, हाती १. अवघड प्रश्नात हा हिशोब लागू पडतो, आणि एखाददुसरा पर्याय बाद करता आला तर आणखी फायद्याचा ठरतो. वरच्याच इंटिग्रेशनमध्ये फलाची (फंक्शनची) किंमत ० आणि १ च्या मध्ये राहते, रुंदी साधारण १.५७. तेव्हा पाय/२ किंवा त्याहून मोठे पर्याय काहीही न सोडवता उडाले. फसव्या प्रश्नात हा जुगार चालत नाही, कारण तिथे आपण आंधळेपणाने निवडतच नाही. पेपर काढणाऱ्याने आपली नेमकी चूक ओळखून तिचं उत्तर पर्यायात मांडून ठेवलेलं असतं, आणि आपण खात्रीने तिथेच जातो.

महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटी प्रवेश परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून अवघड प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. या घाईतच साधे दिसणारे प्रश्न गळ्याशी येतात. जेईई मेनच्या संख्यात्मक उत्तरांच्या प्रश्नांत पर्यायच नसतात. तिथे अंदाज फुकट, आणि चुकलं तर तिथेही १ वजा.

फसवणुकीच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. साइन इन्व्हर्स (साइन १०) किती? बहुतेक जण १० लिहितात. पण साइन इन्व्हर्सचं उत्तर वजा पाय/२ ते पाय/२ यातच बसायला हवं, आणि १० हे रेडियन आहेत, अंश नव्हेत. बरोबर उत्तर ३ पाय − १०, म्हणजे सुमारे वजा ०.५८. |क्ष|² − ३|क्ष| + २ = ० (|क्ष| म्हणजे मॉड्युलस, चिन्ह सोडून क्षची किंमत) दिसतं वर्गसमीकरण, पण मुळं चार: ±१, ±२. बारावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकातलं दोन मुलांच्या कुटुंबाचं गणितही याच जातीचं. धाकटी मुलगी आहे असं दिलं तर दोन्ही मुली असण्याची संभाव्यता १/२. किमान एक मुलगी आहे असं दिलं तर १/३, कारण आता मुलगी-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगा-मुलगी अशा तीन शक्यता उरतात. एवढ्याशा ‘किमान’मुळे उत्तर बदलतं, आणि घाईत नेमका तोच शब्द डोळ्यांखालून निसटतो.

म्हणून वर्गमूळ, मॉड्युलस, लॉग, इन्व्हर्स फंक्शन किंवा ‘किमान’, ‘भिन्न’, ‘पूर्णांक’ असं काही दिसलं की उत्तर आल्यावर दहा सेकंद थांबा आणि ते मूळ प्रश्नात ठेवून बघा, आपण मध्येच तयार केलेल्या समीकरणात नाही. अवघड प्रश्नाला याच्या उलट वागणूक: मिनिटभरात वाट दिसली नाही तर ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ (नंतर बघायची खूण) करून सरळ पुढे. (हुशार मुलांना हेच जमत नाही, तिथे अभिमान आडवा येतो.)

मॉक टेस्टचा निकाल पाहतानाही कोरे सुटलेले आणि चुकलेले प्रश्न वेगळे मोजा. कोरे जास्त असतील तर धडा कच्चा आहे, सराव वाढवा. चुकलेले जास्त असतील तर तीच गणितं पुन्हा उघडा आणि प्रत्येकापुढे लिहा, कोणती अट वाचायची राहिली. त्यासाठी नवा क्लास लावायची गरज नाही.