फिड्रिच, मार्क (‘द बर्ड’) : स्मृती आणि कार्डसंग्रह

अमेरिकेतील डेट्रॉइट टायगर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू) मार्क स्टीव्हन फिड्रिच (१४ ऑगस्ट १९५४–१३ एप्रिल २००९) याच्या आठवणी जपण्याची आणि त्याची छापील बेसबॉल कार्डे जमवण्याची चाहत्यांमधील परंपरा. फिड्रिच मुख्य लीगमध्ये १९७६ ते १९८० या पाच हंगामांत मिळून अवघे ५८ सामने खेळला. त्यांत २९ विजय आणि १९ पराभव त्याच्या नावावर आहेत. इतक्या त्रोटक कारकिर्दीच्या खेळाडूवर चाहत्यांनी एवढा दीर्घकाळ जीव लावल्याची उदाहरणे बेसबॉलच्या इतिहासात फार थोडी. याचे मूळ १९७६ च्या एका उन्हाळ्यात आहे.

जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील वूस्टर येथे. बालपण जवळच्या नॉर्थबरो गावात. १९७४ च्या खेळाडू-निवडीत टायगर्सनी त्याला दहाव्या फेरीत घेतले. ब्रिस्टल, लेकलंड, माँटगोमेरी, एव्हन्सव्हिल अशा दुय्यम लीगमधील संघांतून तो वर चढला आणि १९७६ च्या वसंतात मुख्य संघात दाखल झाला. आदल्या वर्षी टायगर्स १०२ सामने हरले होते. मोटारउद्योगातील मंदीने गांजलेल्या डेट्रॉइट शहराला अभिमान वाटावा असे मैदानावर काही उरले नव्हते. १५ मे १९७६ रोजी नेहमीचा पिचर जो कोलमन तापाने आजारी पडला, म्हणून क्लीव्हलंडविरुद्ध फिड्रिचला प्रथमच सामना सुरू करण्याची संधी मिळाली. त्याने पहिल्या सहा डावांत प्रतिस्पर्ध्यांना एकही फटका मिळू दिला नाही, पूर्ण सामन्यात केवळ दोन फटके दिले आणि टायगर्स २-१ ने जिंकले. प्रेक्षक सुमारे साडेचौदा हजार होते.

पुढील सहा आठवड्यांत चित्र पालटले. २८ जून रोजी न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा सामना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला. ४७,८५५ प्रेक्षकांसमोर टायगर्सनी तो ५-१ असा जिंकला. सामना एक तास एकावन्न मिनिटांत आटोपला, पण लोक जागचे हलेनात. फिड्रिचला पुन्हा मैदानात यावे लागले. हंगामाअखेर त्याच्या खात्यावर १९ विजय आणि ९ पराभव होते. दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी २.३४ ही त्या वर्षी अमेरिकन व नॅशनल या दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम होती, आणि शेवटपर्यंत एकट्याने टाकलेले २४ सामने हा अमेरिकन लीगमधील त्या वर्षीचा उच्चांक होता. दोन्ही लीगमधील निवडक खेळाडूंच्या तारांकित सामन्याची सुरुवात त्यानेच केली, मात्र तो सामना त्याच्या नावावर पराभव म्हणून नोंदला गेला. अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला; सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात जिम पामरनंतर त्याचा दुसरा क्रमांक लागला. घरच्या मैदानावर तो उतरला त्या दिवशी सरासरी तेहेतीस हजारांवर प्रेक्षक येत. इतर दिवशी हाच आकडा चौदा हजारांच्या आसपास असे. एवढे करून त्याचा करार अवघ्या १६,५०० डॉलरांचा होता.

‘द बर्ड’ हे टोपणनाव दुय्यम लीगमध्ये पडले. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील ‘बिग बर्ड’ या उंच, पिवळ्या पक्ष्याशी त्याचे साम्य आहे, असे प्रशिक्षक जेफ होगन यांनी म्हटले आणि नाव चिकटले, यावर बहुतेक लेखकांचे एकमत आहे. सहा फूट तीन इंच उंची, सडपातळ बांधा, टोपीखालून उसळणारे कुरळे भुरे केस आणि लांब ढांगा टाकत चालणे पाहता हे साम्य कोणालाही पटावे. मतभेद आहे तो स्थळाचा. काही जण १९७४ चा ब्रिस्टल संघ सांगतात, तर काही १९७५ चा लेकलंड संघ. १९७४-७५ चा सुमार एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. राष्ट्रीय पातळीवर हे नाव रूढ झाले ते मात्र निश्चितपणे १९७६ च्या जूनमध्ये.

त्याच्या लकबींविषयी अधिक काटेकोरपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण चाहत्यांच्या आठवणींचा गाभा त्याच आहेत. प्रत्येक डावाच्या आरंभी तो पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर गुडघे टेकून बसे आणि आधीच्या पिचरच्या पावलांनी पडलेले खड्डे हातांनी बुजवून माती सपाट करी. मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्या मातीला हात लावलेला त्याला खपत नसे. प्रत्येक बळीनंतर तो उंचवट्याभोवती एक फेरी मारी. सहकाऱ्याने चांगले क्षेत्ररक्षण केले की जाऊन त्याचा हात हातात घेई. एखाद्या चेंडूवर फटका बसला की तो पंचांकडे परत देई. अशा चेंडूत फटके शिल्लक असतात, त्याने पिशवीत इतर चेंडूंबरोबर राहून सुधारावे, असे त्याचे स्पष्टीकरण होते.

‘तो चेंडूशी बोलत असे’ हे विधान जवळजवळ प्रत्येक संदर्भात आढळते. चेंडू डोळ्यांसमोर धरून तो ओठ हलवत असे, हे चित्रफितींवरून निर्विवाद आहे. पण आपण स्वतःशीच बोलत होतो, हात खाली ठेव, चेंडू खालच्या पट्ट्यात टाक अशा सूचना स्वतःलाच देत होतो, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले. वृत्तपत्रांना चेंडूशी संवाद अधिक आकर्षक वाटला आणि तेच चित्र रूढ झाले. फिड्रिचचे स्वतःचे म्हणणे ग्राह्य धरणे योग्य वाटते. त्याचा खेळ चेंडू खाली ठेवण्यावरच उभा होता, आणि त्या सूचना नेमक्या त्याच आहेत. यांकीजचा ग्रेग नेटल्स त्याची नक्कल म्हणून आपल्या बॅटशी बोलू लागला आणि बाद झाल्यावर ‘बॅट जपानी होती, तिला इंग्रजी कळले नाही’ असे म्हणाला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते; तिचे शब्द सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात.

कारकीर्द संपण्याच्या कारणांबद्दल दोन मते आहेत. मार्च १९७७ मध्ये सरावात उंच चेंडू झेलताना त्याच्या गुडघ्याच्या कूर्चेला इजा झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. तो मेअखेर परतला, पण जुलैमध्ये बाल्टिमोरविरुद्ध खेळताना हातातील त्राणच गेले. गुडघा वाचवण्याच्या नादात चेंडू टाकण्याची ढब बिघडली आणि खांद्यावर ताण आला, हे पहिले मत. दुसरे मत अतिश्रमाला दोष देते. १९७६ च्या मेअखेर व जूनच्या आरंभी त्याने लागोपाठ दोन सामन्यांत अकरा-अकरा डाव एकट्याने टाकले होते; हंगामातील एकूण डाव २५० भरतात आणि तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. संख्याशास्त्रीय विश्लेषक बिल जेम्स यांचा मुद्दा निराळा आहे. अडीचशे डावांत केवळ ९७ फलंदाजांना ‘स्ट्राइकआउट’, म्हणजे तीन ‘स्ट्राइक’वर बाद, करणारा पिचर सहसा दीर्घकाळ टिकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. १९८५ मध्ये डॉ. जेम्स अँड्रूज यांनी तपासणी केली तेव्हा खांद्याचा ‘रोटेटर कफ’ (सांध्याभोवतीचे स्नायू व त्यांचे बंध) फाटलेला आढळला. तोवर फिड्रिच निवृत्त झाला होता. निदान इतके उशिरा झाल्यामुळे दोन्ही मतांचा निर्णायक कस लावता येत नाही. तथापि एका कारणाने दुसऱ्यात भर घातली असावी, असे मानण्याकडे अलीकडील लेखकांचा कल दिसतो.

कार्डसंग्रहाचा विचार करताना एक बाब ध्यानात घ्यावी लागते : १९७६ च्या उन्हाळ्यात, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, दुकानात त्याचे कार्ड मिळत नव्हते. च्युइंगमच्या पाकिटातून बेसबॉल कार्डे विकणाऱ्या टॉप्स कंपनीचा त्या वर्षीचा संच हंगामापूर्वीच छापून झाला होता आणि तेव्हा फिड्रिचला कोणी ओळखत नव्हते. त्याच वर्षी काढलेल्या पुरवणी संचात केवळ संघ बदललेले खेळाडू होते. त्यामुळे ज्या मुलांनी त्याला प्रत्यक्ष पाहिले, त्यांना कार्डासाठी पुढच्या वसंतापर्यंत थांबावे लागले, आणि कार्ड हाती आले त्याच सुमारास तो जायबंदी झाला. या कार्डाशी निगडित असलेली हुरहुर या योगायोगातून आली आहे.

हे कार्ड म्हणजे टॉप्सच्या १९७७ च्या ६६० कार्डांच्या संचातील क्रमांक २६५. वर संघाचे नाव, कोपऱ्यातील पताकेवर खेळाडूची जागा, छायाचित्रावर छापील स्वाक्षरी अशी त्या वर्षाची मांडणी. फिड्रिचच्या कार्डावर याखेरीज सर्वोत्तम नवोदितांच्या संघात निवड झाल्याचा छोटा चषक छापलेला आहे. संग्राहकांच्या दृष्टीने हा चषक महत्त्वाचा, कारण त्यामुळे विशीतले ते हसरे पोर आणि १९७६ चा हंगाम एकाच चौकटीत आले. त्याच संचातील क्रमांक ७ च्या कार्डावर आपापल्या लीगमधील सर्वोत्तम सरासरीचे पिचर म्हणून तो नॅशनल लीगच्या जॉन डेनीसोबत झळकतो.

क्रमांक २६५ हेच त्याचे ‘रुकी कार्ड’ काय, हा प्रश्न संग्राहकांत चर्चिला जातो. रुकी कार्डासाठी अधिकृत चिन्ह छापण्याची पद्धत २००६ पासून सुरू झाली. त्यापूर्वीच्या कार्डांसाठी केवळ संकेत आहे. देशभर वितरित झालेल्या प्रमुख उत्पादकाच्या नियमित संचातील पहिले कार्ड ते रुकी कार्ड, असा तो संकेत. १९७७ मध्येच कॅनडातील ओ-पी-ची कंपनीने २६४ कार्डांचा संच काढला. त्याच्या मागील बाजूचा मजकूर इंग्रजी व फ्रेंच दोन्हींत आहे. होस्टेस या केककंपनीने खोक्याच्या तळाशी तीन-तीन कार्डांच्या पट्ट्या छापल्या, तर केलॉग्जने न्याहारीच्या पाकिटांत त्रिमितीचा आभास देणारी कार्डे घातली. या सर्वांत फिड्रिच आहे. काही संग्राहक या सगळ्यांनाच समान मान देतात. खाद्यपदार्थांबरोबर मिळणारी कार्डे आणि परदेशी आवृत्ती यांना पूरक मानून क्रमांक २६५ ला प्रथम स्थान देण्याची प्रथा मात्र अधिक रूढ आहे आणि संकेताशी सुसंगतही.

या पूरक कार्डांची अवस्था हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. होस्टेसची कार्डे मुलांनी कात्रीने तुटक रेषेवरून कापली. कडा क्वचितच सरळ उतरल्या, म्हणून न कापलेल्या तिहेरी पट्टीला अधिक मान. केलॉग्जच्या कार्डावरील प्लॅस्टिकचा पन्हळी थर वर्षांनुवर्षे आकसतो, कार्ड धनुष्यासारखे वाकते आणि ते सरळ करू जावे तर थराला आडवे तडे जातात. टॉप्सच्या कार्डांचे दोष निराळे. १३२ कार्डांचा मोठा ताव छापून कापला जाई. पाते जरा सरकले की चित्र एका बाजूला झुके. पाकिटातील टोकाच्या कार्डावर मेणकागदाचा किंवा च्युइंगमचा डाग पडे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या पीएसएसारख्या संस्था अशा दोषांवरून कार्डांना एक ते दहा अशी श्रेणी देऊन पारदर्शक डबीत बंद करतात. क्रमांक २६५ मुबलक छापले गेल्यामुळे साधी प्रत कोणालाही परवडते. दुर्मीळ आहे ती केवळ निर्दोष प्रत. परवडण्याजोगे असल्यामुळेच एकाच कार्डाच्या ढीगभर प्रती जमवणारे चाहतेही आढळतात, आणि फिड्रिचच्या स्वभावाला हे शोभून दिसते.

टॉप्सने पुढे १९७८ (क्र. ४५), १९७९ (क्र. ६२५), १९८० (क्र. ४४५) आणि १९८१ (क्र. १५०) अशी त्याची आणखी चार नियमित कार्डे काढली. ही पाच कार्डे उलटी करून ओळीने मांडली तर मागील तक्त्यात दरवर्षी एकेक ओळ वाढताना दिसते : १९-९, ६-४, २-०, ०-३, २-३. हंगाम संपल्यावर पुढच्या वर्षी कार्ड निघत असल्याने १९८१ च्या कार्डावर मुख्य लीगमधील त्याची संपूर्ण कारकीर्द आली आहे. नवख्या संग्राहकांचे या शेवटच्या कार्डाकडे दुर्लक्ष होते. जाणकार मात्र पाचही कार्डांचा संच पुरा करण्याचा आग्रह धरतात, आणि तो रास्त आहे.

१९८१ च्या अखेरीस टायगर्सनी त्याला मुक्त केले. बोस्टन रेड सॉक्सच्या पॉटकेट येथील दुय्यम संघातून तो १९८२-८३ मध्ये खेळला. तेथेही १ जुलै १९८२ रोजी पिचर डेव्ह रिगेटीविरुद्धच्या सामन्याला नऊ हजारांवर लोक आले आणि फिड्रिच जिंकला. निवृत्तीनंतर तो नॉर्थबरोला शेतावर राहिला, दहाचाकी मॅक ट्रकमधून खडी-वाळू वाहू लागला. २७ सप्टेंबर १९९९ रोजी टायगर स्टेडियममधील अखेरच्या सामन्यानंतर जुने खेळाडू एकेक करून मैदानात आले, तेव्हा फिड्रिच धावत थेट उंचवट्याकडे गेला आणि तेथील माती पिशवीत भरू लागला. १३ एप्रिल २००९ रोजी ट्रकखाली काम करताना फिरत्या दांड्यात कपडे अडकून त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटच्या नव्या मैदानावर झालेल्या श्रद्धांजलीच्या वेळी त्याच्या पत्नीने व मुलीने त्याच्याप्रमाणेच उंचवट्याची माती हाताने सारखी केली.

मृत्यूनंतर त्याच्या स्वाक्षरी केलेल्या कार्डांना मागणी वाढली. क्रमांक २६५ वर छापील स्वाक्षरी आधीच असल्याने खरोखर सही केलेल्या प्रतीवर दोन स्वाक्षऱ्या दिसतात : एक छपाईत मुरलेली, दुसरी वर शाईने केलेली. शाईची स्वाक्षरी चमकदार पृष्ठभागावर किंचित उठून दिसते आणि कार्ड तिरपे धरले की वेगळी चमकते. घेण्यापूर्वी हे पाहून घेण्याचा प्रघात आहे. फिड्रिच मागेल त्याला सही देत असे, म्हणून अस्सल प्रती पुष्कळ आहेत.

किमान दहा हंगामांची अट असल्यामुळे कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या अधिकृत सन्मानगृहात फिड्रिचची निवड होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियातील बेसबॉल रेलिक्वरी या संस्थेच्या सभासदांनी मात्र मतदानाने २००२ मध्ये त्याला आपल्या सन्मानयादीत घेतले. त्याच वर्षी ‘शूलेस’ जो जॅक्सन आणि मिनी मिन्योसो या खेळाडूंचीही निवड झाली होती.