मत्तय 18 ची समेट-रीत (मराठवाडा)

मंडळीतले (चर्चच्या सभासदांमधले) किंवा भाऊबंदकीतले भांडण हाणामारी न होता मिटवण्याची ख्रिस्ती रीत. तिचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायाची 15 ते 17 ही वचने आहेत. दुखावलेल्याने आधी एकट्याने समोरच्याकडे जायचे. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचे. तरीही नाही, तरच गोष्ट मंडळीपुढे आणायची. गावात नेमके उलटे घडते. बोलाचाली सकाळी होते, संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना ठाऊक असते आणि मग माघार घेणे म्हणजे नाक कापून घेणे ठरते. पहिली पायरी चारचौघांत घेतली की पुढच्या दोन्ही वाया जातात.

जालन्याजवळ ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी 19 व्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. आज या भागात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा मराठवाडा धर्मप्रांत आणि 1977 साली स्थापन झालेला कॅथलिक धर्मप्रांत आहे. खेड्यातली मंडळी लहान असते, सगळे एकमेकांचे सोयरे. त्यामुळे नेलेला साक्षीदार हमखास कुणाचा तरी चुलता किंवा मेहुणा निघतो. दुसऱ्या पायरीसाठी माणूस शेजारच्या तालुक्यातून आणावा, दोन्ही बाजूंनी त्याच्या नावाला आधी होकार द्यावा. पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, स्वतः निवाडा देऊ नये. ज्याच्या विरोधात तो जातो, ते घर पुढे उपासनेला येत नाही.

बैठक कुणाच्याही घरी नको. प्रत्येकाने दहा-पंधरा मिनिटे, मध्ये कुणी न बोलता, आपले म्हणणे मांडावे. मग समोरच्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे, आणि पहिला ‘हो, हेच म्हणालो’ म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो, पण निम्मी भांडणे इथेच सैल पडतात.

बांधाच्या तंट्यात प्रार्थनेआधी मोजणी हवी. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होऊन हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्याशिवाय घेतलेली क्षमा पहिल्या नांगरटीपर्यंतच टिकते. सामाईक विहिरीची पाळीही घड्याळाच्या तासांवर लावली तर फिसकटते. शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री अशी फिरते आणि अंधारात दारे धरणे नेहमी एकाच भावाच्या वाट्याला येऊ शकते. म्हणून पाळी विजेच्या वेळापत्रकाला जोडावी, वीज गेली तर बुडालेले तास कसे भरून काढायचे तेही लिहावे.

क्षमा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय या कर वसूल करणाऱ्याने नुसती माफी मागितली नाही, अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याची तयारी दाखवली. मोडलेले कुंपण किंवा चरलेले पीक याची रक्कम आणि ती देण्याची तारीख कागदावर यावी.

तिसऱ्या पायरीचा सर्वांत मोठा गैरवापर म्हणजे वाळीत टाकणे. न ऐकणारा ‘परराष्ट्रीय किंवा जकातदार’ यांच्यासारखा समजावा, या वचनाचा अर्थ पाणी तोडणे, लग्न-मयतीला न जाणे असा लावला जातो. येशू तर जकातदारांच्याच, म्हणजे लोक तुच्छ मानत त्या कर वसूल करणाऱ्यांच्या, पंगतीला बसला होता. शिवाय महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काही प्रकरणे या रीतीत बसतच नाहीत: बायकोला मारहाण, बालकावरील अत्याचार, जातीवरून केलेला छळ. मार खाणाऱ्या बाईला ‘आधी एकटी जाऊन नवऱ्याशी बोल’ असे सांगणे म्हणजे तिला पुन्हा माराकडे पाठवणे. तिथे पोलीस आणि (घरगुती हिंसाचारात) त्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी यांच्याकडेच जावे. समेटाच्या नावाखाली तक्रार मागे घ्यायला लावू नये.

दिवाणी वादात ठरलेले लोकअदालतीत नोंदवले तर त्याला हुकूमनाम्याचे बळ येते. तडजोडीची एकेक प्रत दोन्ही घरांत आणि एक मध्यस्थाकडे राहते. मध्यस्थ पंधरा दिवसांनी बांधावर जाऊन खुणा जागेवर आहेत का ते पाहतो, आणि पेरणीच्या आठवड्यात पुन्हा एकदा.