हृदयधमनीतील कॅल्शियम आणि भोवतालचा दाह

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत साठलेले कॅल्शियम आणि त्या धमन्यांना वेढून असलेल्या चरबीतील दाह यांच्या संबंधाविषयी हे टिपण. धमन्यांतले कॅल्शियम मोजणाऱ्या सीटी स्कॅनच्या, म्हणजे कॅल्शियम स्कॅनच्या, रिपोर्टवर एक आकडा (स्कोअर) येतो आणि घरातले सगळे त्याकडेच बघत राहतात. आजवर किती साठले ते त्या आकड्यावरून कळते. धमनी आज किती धुमसते आहे, ते त्यावरून कळत नाही.

रक्तातले कॅल्शियम अगदी प्रमाणात असलेल्या माणसाच्याही धमनीत ते सापडते, कारण सुरुवात भिंतीच्या आत होते. तिथे कोलेस्टेरॉल शिरते, ते गिळायला मॅक्रोफेज पेशी जमतात आणि दाह सुरू होतो. मेलेल्या पेशींच्या अवशेषांवर कॅल्शियम फॉस्फेटचे कण धरतात. भिंतीतल्या स्नायुपेशीही हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. हे पहिले कण साध्या सीटी स्कॅनला दिसत नाहीत इतके बारीक असतात, आणि भिंतीत कोलेस्टेरॉल साठून झालेल्या, पातळ आवरणाच्या गाठीत तेच घातक ठरू शकतात, कारण त्यांच्याभोवती ताण वाढून गाठ फुटण्याची भीती असते. दाह निवत गेला की कण एकमेकांना जुळून घट्ट थर बनतो. तो थर तुलनेने स्थिर असतो.

स्कोअर मोजण्याची पद्धत आर्थर अॅगॅटस्टन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. सीटीवर घनता हाउन्सफील्ड एककांत मोजतात; १३० एककांपासून पुढचा पांढरा ठिपका कॅल्शियम म्हणून धरतात, आणि तो जितका गडद पांढरा तितके गुण जास्त. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी गाठी घट्ट होतात, म्हणून झटक्याचा धोका घटत असतानाही स्कोअर चढू शकतो. केवळ तेवढ्यावरून घाबरून कोणी गोळ्या बंद करू नयेत.

आता भिंतीच्या बाहेर. बायपासच्या वेळी छाती उघडली की हृदयाच्या खाचांत पिवळी चरबी दिसते आणि धमन्या तिच्यात दडलेल्या असतात. ही चरबी आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये पडदा नसतो. बायपासच्या रुग्णांतील ही चरबी पायाच्या त्वचेखालच्या चरबीशी ताडून पाहिली, तेव्हा इंटरल्युकिन-६ सारखी दाहक द्रव्ये हिच्यात जास्त आढळली (२००३). दाह चरबीतून धमनीत उतरतो, असे त्यावरून मानले गेले. ऑक्सफर्डच्या कॅरालाम्बोस अँटोनियाडिस यांच्या गटाने २०१७ मध्ये उलटी वाटही दाखवली. दाह झालेल्या धमनीचे संकेत शेजारच्या कोवळ्या मेदपेशींना पोहोचतात, त्या पेशी चरबीने भरत नाहीत आणि तिथे पाण्याचा अंश वाढतो. याच एककांत पाण्याचे मूल्य शून्य आणि चरबीचे उणे असल्याने स्कॅनवर तेवढा भाग शून्याकडे सरकतो. क्रिस्प-सीटी या २०१८ च्या अभ्यासात धमनीभोवतालच्या चरबीचे मूल्य उणे ७०.१ किंवा त्याहून वर असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले, आणि ही माहिती कॅल्शियमच्या आकड्याने मिळणाऱ्या माहितीत भर घालणारी होती. स्कोअर शून्य असलेल्या माणसातही दाह असू शकतो तो असा.

हृदयाच्या पिशवीला होणारा दाह, पेरिकार्डायटिस, वेगळा. क्षयरोगानंतर त्या पिशवीतही कॅल्शियम साठू शकते. ते या स्कोअरमध्ये धरत नाहीत.

चरबीतला दाह मोजायला शिरेतून डाय (धमन्या उठून दिसण्यासाठीचे द्रव्य) देऊन केलेली सीटी अँजिओग्राफी लागते, साधा कॅल्शियम स्कॅन पुरत नाही. साध्या स्कॅनवर चरबीचे आकारमान तेवढे मोजता येते. शिवाय यंत्राचा व्होल्टेज बदलला की दाहाचे मूल्यही बदलते, त्यामुळे दोन वेगळ्या सेंटरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.