मासे-दुधाने कोड येतं? छे!

नागपुरात कुणी घरी स्कॉटलंडचं ‘कलन स्किंक’ सूप करायला घेतलं, की एखादी मावशी टोकतेच: “मासोळी अन् दूध? कोड फुटेल ना बाप्पा!” नाही फुटत. कोडात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते. ताटातल्या जोडीचा त्यात हात नसतो. (याच मावशींना चिकन मात्र दह्यात मुरवलेलंच लागतं.) मासे किंवा दूधच सोसत नसेल, तर गोष्ट वेगळी.

या सुपासाठी स्कॉटिश लोक धुरावलेला हॅडॉक (एक समुद्री मासा), बटाटा, कांदा दुधात शिजवतात. हॅडॉक इथे कुठला? बिनकाट्याचा बासा चालवून घ्या. बटाटा आधी मऊ करा, मग दूध, शेवटी मासा. आच मंदच, खळखळ उकळलं तर मासा विस्कटतो. लिंबू पिळू नका, दूध फाटेल.